फेड कुणाची, कुणाला

थंडीच्या दिवसांत मुंबई-पुण्यातल्या मोठ्या हॉटेलांत माजी विद्यार्थ्यांचे मेळावे भरतात. परदेशातल्या विद्यापीठांत शिकून आलेल्यांचे असतात, आपल्याकडच्या नामांकित संस्थांचेही असतात. संध्याकाळचा क्रम बहुधा ठरलेला: आधी उद्योजकतेवर परिसंवाद, मग हातात ग्लास घेऊन ओळखीपाळखी, आणि जेवणाआधी संस्थेच्या निधीसाठी आवाहन. उद्योग, वाइन आणि दान या तीन गोष्टी एकाच संध्याकाळी का येत असतील, याचा मी वर्ध्याच्या अंगाने विचार करतो आहे. वर्धा यासाठी सोयीचं ठिकाण आहे. जिल्ह्यात गेली कित्येक दशकं दारूबंदी आहे, त्यामुळे तिन्हींतली एक गोष्ट आपोआप बाजूला होते आणि उरलेल्या दोन नीट दिसू लागतात.

आधी वाइनला तिचं श्रेय देऊ. महाराष्ट्रातल्या वाइनची सर्वांत ठळक कथा एका माजी विद्यार्थ्याचीच आहे. राजीव सामंत स्टॅनफर्डमध्ये शिकले, कॅलिफोर्नियात नोकरी केली, परत आले आणि १९९७ मध्ये नाशिकजवळच्या जमिनीत त्यांनी वाइनची द्राक्षं लावली. केरी डॅमस्की या कॅलिफोर्नियातल्या वाइन तज्ज्ञाची साथ त्यांना मिळाली, आणि २००० मध्ये ‘सुला’ची पहिली वाइन बाजारात आली. पुढच्याच वर्षी राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रिया धोरण आणलं. शिक्षण, परदेशात जोडलेली माणसं आणि गावाकडची जमीन यांतून एक नवा उद्योग उभा राहिला, शेतकऱ्यांना करारावर द्राक्षं लावता आली. हे खरं कर्तृत्व आहे. त्याकडे नाक मुरडणाऱ्याने निफाड-दिंडोरीच्या द्राक्ष बागायतदाराशी आधी बोलावं.

पण मेळाव्यातला वाइनचा ग्लास वेगळं काम करतो. वीस वर्षांनी भेटलेल्या, एकमेकांना नीट न ओळखणाऱ्या माणसांना दोन तास एका खोलीत उभं राहण्याचं निमित्त तो देतो. जीभ सैल होते, हुद्द्यांमधलं अंतर कमी वाटतं, व्हिजिटिंग कार्डं हातोहात फिरतात. हे निमित्त लागतं, कारण त्या खोलीत जमलेल्यांपुढे सगळ्यांनी मिळून करायचं असं काही नसतं. लग्नघरात पंगत वाढणाऱ्यांना ओळख करून घ्यायला काही प्यावं लागत नाही, हातातलं काम ती ओळख करून देतं. मद्य आणि संमेलन यांचं नातं इतकं घट्ट का झालं याचं मला सापडलेलं उत्तर हे आहे: जिथे मिळून करायचं काम नसतं तिथे त्याची जागा ग्लास भरून काढतो.

वर्ध्यात ही सोय कायद्यानेच नाही. जानेवारी २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने सुपरमार्केटमध्ये वाइन विकायला परवानगी देण्याचा निर्णय घेतला, अण्णा हजाऱ्यांनी उपोषणाचा इशारा दिला, राज्यभर वाद पेटला. त्या निर्णयातूनही दारूबंदीचे जिल्हे वगळलेलेच होते. बंदी आहे म्हणून दारू नाही असं मात्र कुणी समजू नये. मोहाची हातभट्टी आणि शेजारच्या जिल्ह्यातून चोरून आणलेल्या बाटल्या वर्ध्याच्या गावांना चांगल्या ठाऊक आहेत, आणि त्यांचा मार सर्वांत जास्त बायका सोसतात. नुसत्या बंदीने माणूस सुटत नाही. बंदीबरोबर पोटाचा प्रश्नही सोडवावा लागतो, हे ज्याने वर्ध्यात सर्वांत नेमकेपणाने ओळखलं तोही परदेशी विद्यापीठाचा माजी विद्यार्थीच होता. त्याच्याकडे येतोच, पण आधी मुख्य मुद्दा मांडतो.

शिकलेल्या माणसावर ऋण असतं, हे आपल्याकडे फार जुनं म्हणणं आहे. तैत्तिरीय संहितेत ब्राह्मण तीन ऋणं घेऊन जन्मतो असं सांगितलं आहे: ऋषींचं, देवांचं आणि पितरांचं. यात फेडण्याची रीत पाहण्यासारखी आहे. पितरांचं ऋण पितरांना काही परत देऊन फिटत नाही, ते संततीला वाढवून फिटतं. ऋषींचं ऋण ऋषींना दक्षिणा देऊन फिटत नाही, अध्ययन करून फिटतं, म्हणजे विद्या पुढे वाहती ठेवून. ज्याच्याकडून घेतलं त्याच्याकडे फेड परत जात नाही, ती तिसऱ्याकडे जाते. परत जाते ती उसनवारी, पुढे जाते ती फेड. माजी विद्यार्थी संमेलनाची कसोटी मला इथे दिसते. त्या खोलीत विद्या देणारी संस्था असते, घेणारे विद्यार्थी असतात. ज्याच्याकडे फेड जायची तो तिसरा माणूस तिथे कुठे असतो?

याचा अर्थ संस्थेला देणं व्यर्थ असा नाही. जून २०२३ मध्ये नंदन नीलेकणींनी आयआयटी मुंबईला ३१५ कोटी रुपये दिले. संस्थेशी नातं जुळून ५० वर्षं झाल्याचं ते निमित्त होतं. त्याच वर्षी १९९८ च्या बॅचने रौप्यमहोत्सवानिमित्त मिळून ५७ कोटी रुपये देण्याचं जाहीर केलं. या पैशातून प्रयोगशाळा होतील, वसतिगृहं होतील, पुढची मुलं शिकतील. म्हणजे ही फेडही एका अर्थाने पुढेच जाते, पण ती त्याच फाटकाच्या आत राहते. फाटकाबाहेर जो उभा आहे, ज्याच्या करातून ती संस्था चालली, त्याच्यापर्यंत ती पोचायला फार वळणं घेते.

वर्ध्यात जमलेल्या माणसांनी ही वळणं टाळली. जे. सी. कुमारप्पा लंडनमध्ये हिशेबतपासनीस झाले, मुंबईत त्यांनी व्यवसाय केला, मग अमेरिकेत सिरॅक्यूजला व्यवस्थापन शिकले आणि कोलंबिया विद्यापीठात सेलिग्मन या अर्थशास्त्रज्ञाकडे सार्वजनिक वित्तव्यवस्थेचा अभ्यास केला. ब्रिटिश राज्यातल्या करपद्धतीने भारतीय गरिबी कशी वाढवली, हा त्यांचा विषय. याच सेलिग्मन यांच्या हाताखाली त्याआधी डॉ. बाबासाहेब आंबेडकर शिकले होते, आणि बाबासाहेबांच्या प्रांतिक वित्तव्यवस्थेवरच्या १९२५ च्या ग्रंथाला सेलिग्मन यांचीच प्रस्तावना आहे. एकाच गुरूचे हे दोन शिष्य. त्यांचे मार्ग वेगळे, गांधींविषयीची मतं तर अगदीच वेगळी. पण दोघांनीही कोलंबियात घेतलेलं कोलंबियाबाहेर फेडलं. बाबासाहेबांनी १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली आणि ज्यांच्या वाट्याला शाळेची पायरीही आली नव्हती त्यांच्या मुलांसाठी महाविद्यालयं उभी केली. विदर्भात आजही आंबेडकरी कार्यकर्ता नोकरीला लागलेल्या मुलाला ‘पे बॅक टू सोसायटी’ म्हणून बजावतो, तेव्हा त्याच्या मनात विद्यापीठ नसतं, वस्ती असते.

कुमारप्पांची फेड वर्ध्याच्या मगनवाडीत झाली. डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, जमनालाल बजाजांनी आपली बाग त्याला दिली, आणि कुमारप्पा सचिव झाले. तेलघाणी, हातकागद, मधमाश्या, चुली असे कितीतरी प्रयोग तिथे चालले. माझ्या मनात सर्वांत जास्त भरतो तो नीरेचा. वर्धा परिसरात शिंदीची झाडं विपुल. रात्री झाडाला मडकं बांधायचं, पहाटे उतरवायचं. त्या वेळी तो रस गोड आणि निर्मळ असतो. ऊन चढू लागलं की तो आंबतो आणि त्याची ताडी होते. मडक्याला आतून चुना लावला तर आंबणं लांबतं, आणि रस वेळेत कढवला तर त्याचा गूळ होतो. गजानन नाईक यांनी ताडगुळाच्या या कामाला वाहून घेतलं. दारूबंदी आली तर झाडावर चढणाऱ्या माणसाचं काय, या प्रश्नाला मगनवाडीचं हे उत्तर होतं. झाड तेच, चढणारा तोच, मडकंही तेच, फक्त मडक्यात चुना आणि पहाटेची घाई. नाशिकमध्ये रस आंबवून मोल वाढतं, मगनवाडीत तो आंबू न देता वाढवायचा प्रयत्न झाला. दोन्ही उद्योजकताच आहेत. दुसरीत मात्र पहिल्यापासून झाडावरचा माणूस हिशेबात धरलेला होता. हे प्रयोग बाजारात फारसे टिकले नाहीत हेही खरं. नीरा घडीभरात बिघडते आणि साखर स्वस्त मिळते. पण कुणासाठी उद्योग काढायचा, हा प्रश्न त्यांनी ज्या क्रमाने विचारला तो क्रम जुना झालेला नाही.

दानाच्या बाबतीत याच कुमारप्पांची एक गोष्ट प्रत्येक निधिसंकलनाच्या संध्याकाळी सांगावी अशी आहे. १९३४ च्या बिहार भूकंपानंतर मदतनिधीचा हिशेब त्यांच्याकडे होता. कार्यकर्त्याच्या रोजच्या जेवणाला त्यांनी तीन आणे ठरवून दिले होते. गांधीजी आपल्या मंडळींसह पाहणीला आले तेव्हा त्यांचा खर्च या निधीतून होणार नाही, असं कुमारप्पांनी गांधीजींचे सचिव महादेवभाई यांना सांगून टाकलं. लोकांनी भूकंपग्रस्तांसाठी दिलेला पैसा, तो देणाऱ्यांच्या किंवा गोळा करणाऱ्यांच्या पानात पडता कामा नये. गांधीजींना हे पटलं. कोलंबियात शिकलेली वित्तव्यवस्था इथे तीन आण्यांच्या बंधनात उतरली होती. ही मला त्या पदवीची सर्वांत चांगली फेड वाटते.

सेवाग्रामची वैद्यकीय संस्था ही याच वाटेवरची पुढची मजल. डॉ. सुशीला नय्यर दिल्लीत डॉक्टर झाल्या, जॉन्स हॉपकिन्समध्ये सार्वजनिक आरोग्य शिकल्या, केंद्रात आरोग्यमंत्री होत्या. १९६९ मध्ये, गांधी जन्मशताब्दीला, त्यांनी सेवाग्रामात महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था सुरू केली. नव्या विद्यार्थ्यांनी आधी आश्रमात पंधरा दिवस राहायचं, खादी वापरायची, श्रमदान करायचं. मग प्रत्येक बॅचने एक गाव दत्तक घ्यायचं, तिथे पंधरा दिवस मुक्काम करायचा, आणि वाट्याला आलेल्या कुटुंबांच्या तब्येतीकडे पुढेही लक्ष ठेवायचं. मेळाव्यात जो तिसरा माणूस मला सापडत नव्हता तो इथे पहिल्याच वर्षी विद्यार्थ्याच्या समोर आणून बसवला आहे. त्याच्या घरातली गरोदर सून, खोकणारा म्हातारा, विहिरीचं पाणी, हाच अभ्यासक्रम.

जॉन्स हॉपकिन्सचे आणखी दोन माजी विद्यार्थी याच मातीतले, अभय बंग आणि त्यांच्या पत्नी. अभय वर्ध्यात, गांधी-विनोबांच्या वातावरणात वाढले. त्यांचे वडील ठाकूरदास बंग वर्ध्याच्या वाणिज्य महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवत. अमेरिकेत उच्च शिक्षणासाठी जायचं नक्की झाल्यावर ते गांधीजींचा आशीर्वाद घ्यायला गेले. अर्थशास्त्र शिकायचं असेल तर अमेरिकेला न जाता भारताच्या खेड्यात जा, असं गांधीजींनी सांगितलं आणि ठाकूरदासांनी जाणं रद्द केलं. मुलगा आणि सून अमेरिकेला गेले, पण शिकून परत आले आणि १९८६ मध्ये गडचिरोलीत ‘सर्च’ सुरू केली. लोकांना काय हवं हे विचारल्यावर गडचिरोलीच्या बायकांनी दारूचा प्रश्न पुढे केला, त्यातून जिल्हाभर दारूमुक्तीचं आंदोलन उभं राहिलं आणि १९९३ मध्ये तिथे दारूबंदी लागू झाली. बापाने परदेश सोडला, मुलगा परदेश घेऊन आला. फेडीचा पत्ता दोघांचाही एकच.

या सगळ्यांच्या मागे उभे असलेले जमनालाल बजाज कोणत्याही विद्यापीठाचे माजी विद्यार्थी नव्हते. दत्तक आजोबांनी संपत्तीवरून बोल लावले तेव्हा सतरा-अठरा वर्षांच्या या मुलाने तिच्यावरचा हक्क सोडत असल्याचं पत्र लिहून दिलं होतं. संपत्तीचा मालक नव्हे, विश्वस्त, ही गांधीजींची कल्पना भेटण्याआधीच त्यांना उमगलेली होती असं म्हणता येईल. १९२८ मध्ये त्यांनी वर्ध्याचं लक्ष्मीनारायण मंदिर दलितांना खुलं केलं, तेही दानच होतं, जरी त्याची पावती निघत नाही. मुंबई विद्यापीठाने १९६५ मध्ये स्टॅनफर्डच्या सहकार्याने व्यवस्थापन संस्था काढली, तिला नाव दिलं ते जमनालालांचं. तिथून बाहेर पडलेल्या पिढ्यांनी मोठमोठ्या कंपन्या चालवल्या. त्यांच्यापैकी किती जण वर्ध्याला येऊन गेले असतील ते मला सांगता येणार नाही, पण यावं असं मनापासून वाटतं. मुंबईहून रात्रीची गाडी सकाळी वर्ध्याला पोचते.

आणि आले तर एक दिवस असा काढावा. सकाळी मगनवाडीतलं मगन संग्रहालय पाहावं. दुपारी एखाद्या गावात जावं: समुद्रपूर तालुक्यातलं हळदीसाठी नावाजलेलं वायगाव चालेल, आर्वी-कारंज्याकडचं संत्र्याच्या बागांचं गाव चालेल, सेवाग्रामच्या डॉक्टरांनी पूर्वी दत्तक घेतलेलं एखादं गाव असेल तर उत्तमच. परिसंवाद तिथेच भरवावा. बोलणारा शेतकरी, बचत गटाची बाई, आशाताई, आणि ऐकणारे व्यवस्थापनाचे पदवीधर. हळद दळून, पुडीत बांधून विकायची तर पैसा कुठे अडतो, संत्र्याचा भाव कोसळला की फळ कुठे ठेवायचं, डॉक्टर कोणत्या वारी येत नाही, हे त्यांच्याकडून वहीत उतरवून घ्यावं. निधीचं आवाहन त्यानंतर करावं, आणि त्या दिवसाच्या जेवणाचा खर्च निधीत न धरता प्रत्येकाने आपल्या खिशातून द्यावा. पुढच्या वर्षी त्याच गावात, त्याच लोकांसमोर, वहीतल्या प्रत्येक ओळीचं काय झालं ते वाचून दाखवावं.