निशाण कुणाचे आणि माणूस कुणाचा?



दोन देशांमधले भांडण न लढता मिटले म्हणजे न्याय झाला का? आपण तथागतांचे अनुयायी. युद्ध टळले की आपल्याला बरे वाटते, आणि वाटलेच पाहिजे. पण ज्यांच्या जिवाशी त्या भांडणाचा संबंध होता, त्यांना कुणी विचारलेच नसेल तर त्या शांततेला काय म्हणायचे?

या प्रश्नाचा विचार करायला जिनिव्हा किंवा न्यूयॉर्कला जायची गरज नाही. मी राहतो त्या अल् घुब्रापासून किनाऱ्याकिनाऱ्याने सुमारे २०० किलोमीटर गेले की सूर नावाचे जुने बंदर लागते. आंतरराष्ट्रीय कायद्याच्या अभ्यासात 'मस्कतची गलबते' या नावाने ओळखला जाणारा खटला मुख्यतः या सूरच्या गलबतांचा आहे. ओमानमध्ये वर्षानुवर्षे राहणाऱ्या आपल्यापैकी अनेकांच्या कानावर तो आलेला नसतो, म्हणून आधी तो थोडक्यात सांगतो.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इथली गलबते अरबी समुद्रात आणि आफ्रिकेच्या किनाऱ्यावर व्यापार करत. त्यातल्या काही गलबतांतून माणसेही विकायला नेली जात. ब्रिटिश आरमार अशा गलबतांची झडती घेई. पण गलबतावर फ्रान्सचे निशाण असले की झडती थांबे. आमच्या निशाणाखालच्या जहाजाला परक्या आरमाराने हात लावू नये, हा फ्रान्सचा जुना आग्रह होता. सूरच्या अनेक गलबतमालकांनी फ्रेंच वसाहतींमधून कागदपत्रे आणि निशाणे मिळवली. ते सगळेच गुलाम वाहत होते असे नाही. पण ज्यांना माणसे वाहायची होती, त्यांच्यासाठी ते निशाण सोयीची ढाल झाले.

जरा थांबून विचार करा. स्वातंत्र्य, समता आणि बंधुता हे शब्द ज्या देशाने जगभर गाजवले, त्याचेच निशाण वर आणि खाली विकायला निघालेली माणसे! बाबासाहेबांनी ३ ऑक्टोबर १९५४ च्या आकाशवाणीवरील भाषणात सांगितले होते की ही तीन तत्त्वे आपण फ्रेंच राज्यक्रांतीकडून घेतलेली नाहीत, आपले गुरू बुद्ध यांच्या शिकवणुकीतून घेतली आहेत. तत्त्व निशाणावर असणे आणि आचरणात असणे, यात किती अंतर असते ते सूरच्या बंदरात दिसले होते.

मग इंग्रज न्यायाच्या बाजूने होते का? तेवढे सरळ नाही. इंग्लंड आणि फ्रान्स या दोघांनी १८६२ मध्ये मस्कतच्या सुलतानाचे स्वातंत्र्य मानण्याची जाहीर हमी दिली होती. तरीही फेब्रुवारी १८९९ मध्ये, सुलतान फैसल बिन तुर्की यांनी बंदर जिस्सा येथे फ्रेंचांना कोळशाच्या साठ्यासाठी जागा दिली तेव्हा, इंग्रजांनी युद्धनौका आणून राजवाड्यावर तोफा डागण्याची धमकी दिली आणि तो निर्णय फिरवायला लावला. गुलामगिरीला विरोध आणि साम्राज्याचा स्वार्थ एकाच नौकेत बसून आले होते.

अखेर १३ ऑक्टोबर १९०४ रोजी दोन्ही देशांनी निशाणांचा वाद हेगच्या स्थायी लवाद न्यायालयाकडे सोपवण्याचा करार केला. इंग्लंडने अमेरिकेचे सरन्यायाधीश मेलव्हिल फुलर यांना नेमले, फ्रान्सने हॉलंडचे साव्होर्निन लोमान यांना. तिसरे पंच ऑस्ट्रियाचे लामाश, त्यांची निवड इटलीच्या राजाने केली. ८ ऑगस्ट १९०५ रोजी निकाल लागला. आपले निशाण कुणाला द्यायचे हे प्रत्येक सार्वभौम राष्ट्र स्वतः ठरवते, पण फ्रान्सने गुलामांच्या व्यापाराविरुद्धचा १८९० चा ब्रुसेल्स करार २ जानेवारी १८९२ रोजी मान्य केला, तेव्हापासून त्याच्या या अधिकारावर मर्यादा आली, असे पंचांनी म्हटले. त्या तारखेनंतर १८६३ च्या आधीपासूनच्या खऱ्या आश्रितांखेरीज नवे निशाण कुणाला देता येणार नव्हते. आधी दिलेली निशाणे ज्याची त्याच्याकडेच राहतील, दुसऱ्याला देता येणार नाहीत.

हा निकाल लहान नव्हता. तोफांच्या जागी युक्तिवाद आला. सार्वभौम राष्ट्रसुद्धा आपल्या शब्दाने बांधले जाते, हे मान्य झाले. 'आश्रित' या शब्दाचा अर्थ लावताना पंचांनी ब्रुसेल्स कराराचा उदात्त हेतू लक्षात घेतला, म्हणजे गुलामांची दखल थोडी तरी घेतली गेली. पण त्या खटल्यात पक्षकार कोण होते ते पाहा. इंग्लंड आणि फ्रान्स. ज्यांच्या प्रजेचा प्रश्न होता ते सुलतान पक्षकार नव्हते. आणि गलबताच्या तळाशी बसलेल्या माणसाला तर कायद्याच्या लेखी तोंडच नव्हते. निशाण कुणाचे, एवढाच प्रश्न पंचांपुढे होता. माणूस कुणाचा, हा प्रश्न कुणी विचारलाच नाही. ओमानमध्ये गुलामगिरी कायद्याने संपली ती सुलतान काबूस यांच्या काळात, १९७० मध्ये, म्हणजे निकालानंतर ६५ वर्षांनी.

आता आपल्या ग्रंथाकडे वळू. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्ये बाबासाहेबांनी सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण म्हणून म्हातारा, रोगी आणि प्रेत यांची परंपरागत कथा नाकारली आणि रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य व कोलिय यांच्यात पेटलेला वाद पुढे ठेवला. हा दोन राज्यांमधलाच वाद होता. सिद्धार्थाने संघापुढे काय सुचवले ते आठवा. आपण दोघे निवडू, कोलियांनी दोघे निवडावेत, त्या चौघांनी पाचवा निवडावा, आणि या पाच जणांनी वाद मिटवावा. हेगच्या लवादाची रचना याच धाटणीची होती. संघाने हा ठराव फेटाळला आणि सिद्धार्थाने परिव्रज्या स्वीकारली. पुढे त्याला बातमी कळते की लोकांनीच युद्धाला विरोध केला, वाटाघाटी झाल्या आणि रोहिणीच्या पाण्यासाठी कायमचे लवाद मंडळ नेमले गेले.

कुणीही म्हणेल की प्रश्न सुटला, आता घरी परत जावे. सिद्धार्थ जात नाही, आणि त्याचे कारण बाबासाहेबांनी फार विचारपूर्वक दिले आहे. राष्ट्राराष्ट्रांतला संघर्ष अधूनमधून होतो, पण वर्गावर्गांतला संघर्ष अखंड चालतो, आणि जगातल्या दुःखाचे मूळ तिथे आहे. लवादाने रोहिणीचे पाणी वाटले, पण राज्यांच्या आतले दुःख तसेच राहिले. म्हणून त्याचा शोध लवादापाशी थांबला नाही, तिथून खरा सुरू झाला.

माझ्या कामाच्या भाषेत सांगायचे तर दोन संगणक-प्रणाली एकमेकींशी ठरलेल्या नियमांनी बोलतात, पण समोरचीच्या आत काय चालले आहे ते विचारत नाहीत. देशांचे संबंधही बराच काळ असेच चालले. यंत्रांसाठी ते ठीक आहे, कारण यंत्राच्या आत कुणी रडत नसते.

बाबासाहेबांना ही अडचण नेमकी ठाऊक होती. १९४६ मध्ये त्यांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले. तिथल्या कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत त्यांनी मागितली, कारण अस्पृश्यांचा प्रश्नही तिकडे नेण्याचा विचार होता. त्याच वर्षी भारताने दक्षिण आफ्रिकेतील भारतीयांवरील अन्यायाची तक्रार संयुक्त राष्ट्रांत केली. दक्षिण आफ्रिकेने सनदेच्या कलम २(७) चा आधार घेऊन हा आमचा घरगुती मामला असल्याचे म्हटले, आणि भारताने ते मान्य केले नाही. पुढे १९६५ च्या वांशिक भेदभावविरोधी करारात 'जन्मकुळ' या अर्थाचा शब्द भारतानेच सुचवला. पण २००१ च्या डर्बन परिषदेच्या वेळी जातीचा विषय निघाला तेव्हा भारत सरकारची भूमिका होती की जात या चौकटीत बसत नाही. त्या कराराखालच्या समितीने मात्र २००२ मध्ये जन्मकुळात जात येते असे स्पष्ट केले. दुसऱ्याच्या घरातला अन्याय जगाचा प्रश्न आणि आपल्या घरातला तो खासगी मामला, ही सवय एकट्या फ्रान्सची नव्हती.

इथे एक आक्षेप येईल आणि तो टाळता येणार नाही. बाहेरच्यांना आत डोकवायची मुभा दिली तर बलवान देश माणुसकीच्या नावाने तोफा घेऊन येणार नाहीत का? येतील. बंदर जिस्साचा प्रसंग लांबचा नाही. सार्वभौमत्व हे दुबळ्या देशाचे कवच आहे आणि ते सहज फेकून देता येत नाही. पण सिद्धार्थाचा मार्ग तोफांचा नव्हताच. तो संघापुढे उभा राहून बोलला, हरला, शिक्षा स्वीकारली, पण युद्धाला होकार दिला नाही. परक्याच्या घरात शस्त्र घेऊन शिरणे वेगळे आणि आतल्या माणसाचे म्हणणे ऐकले जाईल अशी जागा निर्माण करणे वेगळे. पहिले हिंसा आहे, दुसरे करुणा आहे. आंतरराष्ट्रीय कायद्याची प्रगती मोजायची तर किती युद्धे टळली यासोबत हेही मोजावे, की ज्याला तोंड नव्हते त्याला किती तोंड मिळाले.

संविधानात या दोन्ही गोष्टी एकत्र आहेत. अनुच्छेद ५१ सांगतो की राज्याने आंतरराष्ट्रीय शांततेसाठी, राष्ट्राराष्ट्रांत सन्मानाच्या संबंधांसाठी आणि वाद लवादाने मिटावेत यासाठी झटावे. अनुच्छेद १७ अस्पृश्यता नष्ट करतो. पहिला रोहिणीच्या काठावरचा आहे, दुसरा शाक्यांच्या गल्लीतला. अनुच्छेद १७ विसरून ५१ चा जयघोष करणारा देश म्हणजे फक्त सुंदर निशाण.

आणि आपण? आपण सगळे परदेशात एका पासपोर्टाच्या आधाराने राहतो. आपले निशाण आपल्याला सांभाळते, याबद्दल कृतज्ञता असावी. पण आपल्याच इमारतीत कुणाच्या घरी राबणारी बाई, मग ती कोणत्याही देशाची असो, तिची बाजू ऐकायला कोण आहे? आपल्याच भारतीय मंडळींच्या मेजवानीत आडनाव विचारून अंतर ठेवले जाते, तेव्हा 'परदेशात कशाला तो विषय' म्हणत आपण गप्प बसतो का? घरगुती मामला म्हणून डोळे मिटणे हे कलम २(७) आपल्या मनातही असते.

मैत्रीला सीमा नसते असे आपण दर रविवारी वंदनेनंतर म्हणतो. या आठवड्यात ती मैत्री एका माणसापर्यंत पोचवा, ज्याचे निशाण तुमचे नाही. त्याला नाव विचारा, आणि मग तो काय सांगतो ते शेवटपर्यंत ऐका.

नमो बुद्धाय! जय भीम!