लोकभय आणि लोकोद्वेग

श्रीमद्भगवद्गीतेच्या बाराव्या अध्यायात प्रिय भक्ताची लक्षणे सांगताना श्रीकृष्णचक्रवर्तींनी पंधराव्या श्लोकात दुहेरी अट घातली आहे. ज्याच्यापासून लोकांना उद्वेग होत नाही आणि लोकांपासून ज्याला उद्वेग होत नाही, तो त्यांना प्रिय होय. वरवर पाहता ही दोन लक्षणे भिन्न भासतात. व्यवहारात मात्र ती एकमेकांत गुंतलेली आहेत.

लग्नकार्याचेच पाहावे. मानपान, आहेर, वाजंत्री, जेवणावळी यांवाचून विवाहविधी अडत नाही. तरीही ‘चार लोक काय म्हणतील’ या एका धाकापायी गृहस्थ जमीन गहाण टाकतो. हा त्याला लोकांपासून झालेला उद्वेग. पण त्याच मांडवात शेजारचा गरीब पंगतीला बसलेला असतो आणि घास घेता घेता स्वतःच्या मुलीच्या लग्नाचा हिशेब मनात मांडत असतो. लोकभयाने वाकलेला माणूस असा नकळत दुसऱ्याचे लोकभय होऊन बसतो.

ही साखळी तुटू शकते, हे सातारा जिल्ह्याने दाखविले आहे. १९४३ साली क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली तेथे प्रतिसरकार उभे राहिले, तेव्हा आजच्या सांगली जिल्ह्याचा बराच भागही साताऱ्यातच होता. परकीय सत्तेशी झुंजत असतानाच या चळवळीने गावोगावी अल्प खर्चाचे ‘गांधी विवाह’ लावले. एकट्याने मांडव आखूड केला तर तो कंजूष ठरतो. गावाने केला तर ती रीत ठरते.

तथापि सर्वच लोकधर्म त्याज्य मानू नये. वृद्ध मातापित्यांची सेवा, आजारी शेजाऱ्याची विचारपूस, मर्तिकाला खांदा ही खरी ऋणे आहेत. ज्या कृत्याने कोणाचे दुःख हलके होते ते कर्तव्य. जे केवळ पाहणाऱ्यांसाठी केले जाते ते लौकिक, असा विवेक साधकाने करावा.

याच सातारा जिल्ह्यातील फलटण ही श्रीचक्रपाणी महाराजांची अवतारभूमी. तेथील गृहस्थाश्रमाचा त्याग करून ते मातापुरास निघाले. त्या मार्गाने अनुसरलेल्या भिक्षुकानेही स्वतःस विचारावे, की घर सुटले, पण मानाची अपेक्षा सुटली काय? साधू येणार म्हणून एखाद्या वासनिकाने उसनवारी करून पंगत घातली, तर सर्वज्ञांनी भिक्षान्न विहिले असताना त्या भिक्षुकापासूनच लोकांना उद्वेग झाला, असे म्हणावे लागेल.

म्हणून साधेपणाचा आरंभ दुर्बलाकडून अपेक्षू नये. ज्याची ऐपत आहे त्यानेच प्रथम मांडव लहान घालावा. त्याला कोणी दरिद्री म्हणणार नाही, आणि त्याच्यामागून येणाऱ्या गरिबाला मान खाली घालावी लागणार नाही.