चित्रातला सैतान कोणाचा?

वीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. उन्हाळ्याच्या सुट्टीत माझा भाचा माजलगावहून बीडला आमच्या घरी आला होता. खिशात पत्त्यांचा एक गठ्ठा. हे पत्ते चौकट-बदामचे नव्हते. प्रत्येकावर एक चित्र होते. कुठे चिलखत घातलेला वीर, कुठे आग ओकणारा पंखांचा सर्प, कुठे चेटकीण. चित्राखाली ताकदीचे आकडे आणि बारीक अक्षरांत इंग्रजी मजकूर. गल्लीतील पोरे ओट्यावर बसून हे पत्ते एकमेकांत बदलत. कधी डाव लावत आणि हरणाऱ्याचा पत्ता जिंकणारा घेऊन जाई.

एका दुपारी तो माझे वाचायचे भिंग घेऊन एका पत्त्यावर वाकून बसला होता. मला म्हणाला, "मामू, ये देखो ना. झाड को क्या लटकरा?"

मी पाहिले. पुढे घोड्यावर बसलेला राजबिंडा वीर, मागे संध्याकाळचे तांबडे आभाळ आणि अगदी कोपऱ्यात एक वठलेले झाड. त्याच्या फांदीला नखापेक्षाही लहान आकृती होती. माणूस होता तो. गळ्यात दोर होता. भाचा घाबरलेला नव्हता. इतरांना न दिसलेले आपल्याला दिसले याचा आनंद त्याच्या चेहऱ्यावर होता. पण अम्मी आतून ऐकत होत्या. बाहेर आल्या, पत्ता हातात घेतला आणि म्हणाल्या, "शैतान की तस्वीरां हैं. घर में नक्को." संध्याकाळी तो गठ्ठा चुलीत गेला. पोरगे त्या रात्री जेवले नाही. मी घरातला शिकलेला माणूस, पण मी एका शब्दानेही काही बोललो नाही. अम्मींशी वाद नको, एवढेच तेव्हा मनात होते.

त्या न बोलण्याची बोच अजून आहे. म्हणून हा प्रश्न वाचकांपुढे ठेवतो आहे. चित्रात दडलेले क्रौर्य आपल्याला दिसते तेव्हा ते खरोखर तेथे असते, की आपणच ते तेथे ठेवतो? आणि ते खरोखर तेथे असेल, तर केवळ असण्यानेच ते चित्र पापी ठरते काय?

प्रश्न पोरखेळाचा वाटेल, पण जगात त्यावर मोठमोठी माणसे बोलली आहेत. १९९३ साली अमेरिकेत रिचर्ड गारफिल्ड या गणिताच्या अभ्यासकाने रचलेला 'मॅजिक: द गॅदरिंग' हा खेळ बाजारात आला. चित्रांचे पत्ते जमवायचे, बदलायचे आणि खेळायचे, या प्रकाराची सुरुवात तेथून झाली असे मानतात. त्याच्या एका पत्त्यावर माणसामागे जळता पंचकोनी तारा होता. तो सैतानाची खूण समजला जाईल म्हणून १९९५ च्या आवृत्तीत काढून टाकण्यात आला. म्हणजे चित्रात सैतान शोधणारे फक्त आमच्या अम्मी नव्हत्या. चर्चला जाणाऱ्या अमेरिकन आयाही तेच करीत होत्या.

मग पोकेमॉन आले. २००१ च्या मार्चमध्ये सौदी अरेबियातील धर्मपंडितांनी त्याविरुद्ध फतवा दिला. त्यात दोन आक्षेप होते. हा खेळ जुगारासारखा आहे, हा एक. आणि पत्त्यांवर सहा टोकांचा तारा, क्रूस अशा खुणा दडलेल्या आहेत, हा दुसरा. त्याच काळात अरब देशांत एक अफवाही फिरली की, पोकेमॉन या शब्दाचा जपानी भाषेत अर्थ 'मी यहुदी आहे' असा होतो. ती निखालस खोटी होती. 'पॉकेट मॉन्स्टर', म्हणजे खिशातला राक्षस, या इंग्रजी शब्दांचे ते जपानी लघुरूप आहे. गंमत पाहा. पहिला आक्षेप डोळ्यांसमोरचा होता. बंद पाकीट विकत घ्यायचे, आत काय निघेल ते नशिबावर, आणि हरलेल्याने आपला पत्ता द्यायचा, यावर घराघरांत बोलायला हवे होते. पण लोकांच्या तोंडी राहिला तो दडलेला तारा. आमच्याही घरी तेच झाले. पोरे ओट्यावर डाव लावतात याबद्दल कोणी हटकले नव्हते. पत्ते जळाले ते कोपऱ्यातल्या नखाएवढ्या आकृतीसाठी. दडलेले शोधण्याच्या नादात उघडे दिसेनासे होते.

याच्या आदल्या वर्षी, २००० साली, इजिप्तमध्ये कोका-कोलाच्या नावावरून वादळ उठले होते. ती अक्षरे आरशात उलटी धरली की त्यांत इस्लामविरोधी अरबी वाक्य दिसते, असे लोक म्हणू लागले. तेथील प्रमुख मुफ्तींनी चौकशी करून हा आरोप फेटाळला. ते चिन्ह १८८६ साली अमेरिकेतील अटलांटा शहरात तयार झाले, तेही रोमन लिपीत. त्याचा अरबीशी काय संबंध? मला या मुफ्तींचे वागणे फार मोलाचे वाटते. सूरह अल-हुजुरातमध्ये आलेल्या खबरीची शहानिशा करण्याची आणि गुमानापासून दूर राहण्याची ताकीद आहे. ती फक्त माणसांबद्दल पाळायची आणि चित्रांबद्दल सोडून द्यायची, असे नाही. चित्रामागेही शेवटी माणूसच असतो.

याची दुसरी बाजूही आहे. एका जपानी पोकेमॉन पत्त्यावर बौद्ध मंदिरांवर असते ती 'मांजी' ही खूण होती. १९९९ मध्ये तो पत्ता अमेरिकेत पोचला तेव्हा तेथील यहुदी संघटनेने आक्षेप घेतला, कारण त्यांच्या डोळ्यांना त्यात नाझींचे चिन्ह दिसले. कंपनीने तो पत्ता थांबवला. आमच्या गल्लीत शेजारच्या वहिनी दर दिवाळीला उंबऱ्याशी स्वस्तिक काढतात. त्या रांगोळीत मला कधी मरण दिसले नाही, दिसणारही नाही. पण ज्याचे आजोबा छळछावणीत गेले, त्याला ते दिसले तर मी त्याला वेडा म्हणणार नाही. खूण साधारण तीच असते, पण पाहणारा कोणत्या घरातून आला यावर तिचा अर्थ फिरतो.

तर मग सगळे पाहणाऱ्यावरच अवलंबून आहे, असे म्हणून मोकळे व्हायचे काय? तेही खरे नाही. 'मॅजिक'च्याच १९९४ सालच्या एका पत्त्याचे नाव 'पूर्वग्रहाला आवाहन' अशा अर्थाचे होते. चित्रात टोकदार टोप्यांचे झगे घातलेल्या आकृत्या, हातात कुऱ्हाड. अमेरिकेत काळ्या माणसांना झाडांना लटकवणाऱ्या कू क्लक्स क्लान टोळीचा वेष तो. त्यावर कंपनीच्या संगणकीय यादीत या पत्त्याला क्रमांक मिळाला होता १४८८, आणि गोऱ्या वर्चस्ववाद्यांची सांकेतिक खूण नेमकी हीच आहे. क्रमांक योगायोगाने पडला असेल, पण चित्र योगायोगाने पडत नाही. सव्वीस वर्षांनी, जॉर्ज फ्लॉइडच्या हत्येनंतर अमेरिका पेटली तेव्हा, जून २०२० मध्ये कंपनीने तो आणि आणखी सहा पत्ते मागे घेतले. इतकी वर्षे हजारो लोकांनी तो पत्ता हाताळला होता. पण ज्याच्या पाठीवर वळ आहेत त्यालाच चाबूक आधी दिसतो. त्याला 'तुम्हाला उगाच दिसते' असे सांगणे हाही एक जुलूमच.

त्या सात पत्त्यांत एकाचे नाव होते 'जिहाद'. अरबी सुरस कथांवर बेतलेल्या १९९३ सालच्या संचातला तो पत्ता. त्यासोबत 'क्रूसेड'ही मागे घेण्यात आला. आपल्याला या शब्दाची सवय आहे. बाजारात, बातम्यांत, निवडणुकीच्या सभेत तो आपल्याकडे दगडासारखा भिरकावला जातो. पण आपल्याच जिल्ह्यातील आष्टी तालुक्यातले वाहिरा हे ज्यांचे मूळ गाव सांगतात, त्या श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी मराठीत 'योगसंग्राम' लिहिला. नावात संग्राम आहे, आत युद्ध आहे, पण ते आपल्याच विकारांशी. नफ्सशी झगडणे म्हणजे काय, हे या मातीने चारशे वर्षांपूर्वी मराठी ओवीतून ऐकले आहे. नुसते शीर्षक वाचून कोणी म्हणाला की यात रक्तपात आहे, तर आपण त्याला एवढेच सांगू की बाबा, पुस्तक उघड.

आता मूळ दुखण्याकडे येतो. काही वर्षांपूर्वी एका शाळेत चित्रकलेच्या तासाला 'आमच्या गावचा उत्सव' हा विषय होता. आपल्यातल्या एका मुलाने मोहरमची सवारी काढली. मराठवाड्यात गावोगावी सवाऱ्या बसतात, हिंदू-मुसलमान दोघेही खांदा देतात, नवस बोलतात. मुलाने काठीवरचा पंजा काढला आणि त्याला लाल रंग दिला. बाई नवीन होत्या, दुसऱ्या भागातून आलेल्या. त्यांनी वडिलांना बोलावून घेतले. "तुमचा मुलगा तुटलेले हात का काढतो? घरी काय पाहतो?" वडील ओशाळले. घरी येऊन त्यांनी मुलाला मारले. मुलाने पुन्हा चित्र काढले नाही.

हे ऐकून मी संतापलो. पण रात्री विचार करता करता एक गोष्ट ध्यानात आली आणि अंगावर काटा आला. बाई पूर्ण चुकल्या नव्हत्या. पंजा म्हणजे पंजतन पाक, हे खरे. पण करबलाच्या मैदानात, हिजरी ६१ मध्ये, तहानलेल्या लेकरांसाठी फुरात नदीचे पाणी आणायला गेलेल्या हजरत अब्बासांचे दोन्ही हात तोडले गेले, ही आठवणही त्या पंज्यात अनेकजण पाहतात. म्हणजे चित्रात तुटलेला हात होताच. बाईंना तो दिसला. पण तो कोणाचा आणि कशासाठी तुटला, हे त्यांनी विचारले नाही. पाण्यासाठी तुटलेला हात! टँकरमागे घागरी घेऊन धावणाऱ्या बीड जिल्ह्याला याहून जवळचे चित्र कोणते असेल?

आपल्याकडून दरवर्षी हजारो कुटुंबे ऊसतोडीला जातात. त्यांच्या मुलाने वहीत कोयता काढला तर त्याला हिंसा म्हणायचे की घर?

तेव्हा माझ्यापुरती कसोटी अशी. चित्रात रक्त आहे का, हा प्रश्न अपुरा आहे. गावाच्या वेशीवर वीरगळ असतो. तो खालून वर वाचायचा. तळाच्या चौकटीत लढाई आणि पडलेला वीर, मधल्या चौकटीत त्याला वर नेणाऱ्या अप्सरा, सर्वांत वर पूजा आणि चंद्र-सूर्य. तळाच्या चौकटीवर थांबणाऱ्याला फक्त प्रेत दिसेल. पत्त्यांवरची चित्रे, पंजा, वीरगळ, सगळीकडे विचारायचे ते हे की, चित्र कोणाच्या बाजूने उभे आहे? मारणाऱ्याचा थाट ते मिरवते, की मरणाऱ्याची आठवण जपते? झगेवाल्यांच्या पत्त्यावर मरणारा कुठेच नाही, फक्त कुऱ्हाड आहे. पंज्यात कुऱ्हाड कुठेच नाही, फक्त हात आहे. आणि हे कळण्यासाठी दुसरी अट अशी की, ज्याचे चित्र आहे त्याला आधी विचारावे. निकाल मग द्यावा. आपण आपल्यासाठी हा हक्क मागतो. तो दुसऱ्याच्या चित्राला, आणि आपल्याच घरातल्या पोराच्या पत्त्यालाही, द्यावा लागेल.

कोणी म्हणेल, आईबापांनी मग काहीच अडवायचे नाही का? अडवावे, जरूर अडवावे. झगेवाल्यांचा पत्ता माझ्या घरात आला असता तर मीही तो ठेवू दिला नसता. पण मुलाला जवळ बसवून, का नको ते सांगून. चूल कधी कारण सांगत नाही.

अम्मी आता नाहीत. त्यांना मी दोष देत नाही. त्यांना इंग्रजी येत नव्हते आणि पोराच्या काळजीपोटीच त्यांनी ते केले. भाचा पुण्यात नोकरीला आहे, त्याला स्वतःची दोन मुले आहेत. गेल्या ईदला सगळे जमलो तेव्हा मी धीर करून तो विषय काढला. तो हसला. म्हणाला, "मामू, मला माहीत होतं झाडाला माणूस आहे ते. तो कोण, एवढंच पाहायचं होतं. खाली गोष्ट लिहिलेली होती ना, इंग्रजीत. तुम्ही वाचून दाखवाल म्हणून तर पत्ता तुमच्याकडे आणला होता."