हसू न उमटणारा चेहरा



जुम्याच्या नमाजला एखादा माणूस अचानक शेवटच्या सफेत, तोंडावर रुमाल धरून उभा राहू लागला, तर कारण विचारण्याची घाई करू नका. आमच्या मशिदीत असे एक वयस्क गृहस्थ आहेत. त्यांच्या चेहऱ्याची डावी बाजू तिसऱ्यांदा लुळी पडली आहे. पहिल्या वेळी लोक भेटायला आले, दुसऱ्या वेळी सल्ले द्यायला. या वेळी कुजबुज सुरू झाली की, यांच्या हातून काय घडले असेल?

आपण ज्याला लकवा म्हणतो, त्यातील या प्रकाराला डॉक्टर बेल्स पाल्सी म्हणतात. कानामागच्या हाडातील अरुंद नळीतून चेहऱ्याकडे जाणारा मज्जातंतू सुजतो. पापणी मिटत नाही, ओठ हलत नाही. बहुतेकांना काही आठवड्यांत वा महिन्यांत आराम पडतो, थोड्यांना मात्र तो पुन्हा गाठतो. तोंड वाकडे होणे हे मेंदूच्या झटक्याचेही लक्षण असू शकते, म्हणून दर वेळी तातडीने डॉक्टरांकडे जावे. औषध पहिल्या 72 तासांत सुरू झालेले उत्तम. ते तास जंगली कबुतराच्या रक्ताच्या शोधात घालवणे म्हणजे तवक्कुल नव्हे. (वाहते रक्त नापाक आहे, हे आपण मुलांना शिकवतो आणि स्वतः विसरतो!) उपचार करा, हा तर प्रेषितांचा (स.) आदेश आहे.

वुजूत कुल्ली करताना ओठांच्या कोपऱ्यातून पाणी गळते, म्हणून मन खट्टू करू नका. बोटाने कोपरा दाबून धरा, गळाले तरी वुजू होतो. उघड्या राहणाऱ्या डोळ्याच्या आत पाणी पोहोचवणे आवश्यक नाही. 'बे', 'मीम', 'फे' ही ओठांची अक्षरे अडखळली, तर जमेल तशी तिलावत करा. अडखळत, कष्टाने कुरआन पढणाऱ्यास दुहेरी पुण्य असल्याचे हदीसमध्ये आले आहे.

पण त्या गृहस्थांचा प्रश्न मसल्यांचा नव्हताच. ते म्हणाले, "मौलाना, भावाकडे पाहून स्मित करणे हा सदका आहे ना? माझे ते दार बंद झाले. नातीला उचलून घेतले की ती माझ्या डोळ्याकडे पाहून रडते."

मला लगेच उत्तर सुचले नाही. घरी आल्यावर सहीह बुखारीतील हदीस आठवली: बंदा आजारी पडतो किंवा प्रवासात असतो, तेव्हा निरोगी असताना व घरी असताना तो जी सत्कर्मे करी, ती त्याच्या नावे लिहिली जातात. म्हणजे त्यांचे हसू अजून लिहिले जात आहे. आता आपण स्वतःला विचारू या, आपले ओठ धडधाकट आहेत. उद्या ते थांबले, तर आपल्या नावे लिहायला मागे काय असेल?

सूरह अबसचा प्रसंग तुम्हांला ठाऊक आहे. प्रेषित (स.) कुरैशच्या सरदारांशी बोलत असताना अंध सहाबी हजरत अब्दुल्लाह इब्ने उम्मे मक्तूम (रजि.) आले, आणि कपाळावर आठी उमटली. त्यांना ती दिसणे शक्य नव्हते. तरीही अल्लाहने तिची दखल घेतली. रुमालाआडच्या माणसाला तर आपल्या कपाळावरची प्रत्येक आठी दिसते.

दुसऱ्या दिवशी ती हदीस मी त्यांना सांगितली. ते बराच वेळ गप्प राहिले. गेल्या शुक्रवारी ते पुन्हा शेवटच्याच सफेत होते. मी सलाम केला. रुमाल खाली घेऊन त्यांनी जवाब दिला. त्यातला 'वाव' नीट उमटला नाही.