कोरड्या संवत्सराचा हिशेब

फाल्गुन सरत आला की आकुर्डीच्या परिसरात दोन हिशेब एकाच वेळी चालू होतात. कारखान्यांतून मार्चअखेरची मालमोजणी होते, आणि घरोघरी संवत्सर संपून गुढीपाडव्याची वाट पाहिली जाते. याच दिवसांत वायव्येकडील घोरावडेश्वराचा डोंगर अगदी रुक्ष दिसतो. गवत वाळून पिवळे पडलेले, काळा पाषाण तापलेला, झाडे निष्पर्ण. पाहणारा म्हणतो, 'येथे पाहण्यासारखे काय आहे?'

परंतु पानगळ म्हणजे वृक्षाचे मरण नव्हे. पानांवाटे पाणी उडून जाते; म्हणून भूमीतील ओल आटू लागताच वृक्ष पाने टाकतो आणि उरलेली ओल राखतो. पळस तर पाने गळाल्यावरच केशरी फुलांनी भरून येतो. पाने असती तर ती फुले इतकी दिसलीही नसती.

मनुष्याचे वर्षही कधी असेच कोरडे जाते. २००७ साली आकुर्डी येथील बजाजच्या कारखान्यातील दुचाकींचे उत्पादन थांबले, तेव्हा अनेक घरांचा हिशेब एकाएकी बदलला. अशा प्रसंगी सापडलेल्या वासनिकाला पळसाचा दृष्टान्त सांगून मोकळे होणे हे निष्ठुरपणाचे होय. वृक्ष आपली पाने आपण टाकतो. याची तर हिरावली गेली. त्याच्या घरी धान्य पोचविणे हे आधी, निरूपण मागाहून.

मग निरूपण ते कोणते? सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींनी साधकाला अटन, विजन, भिक्षा आणि स्मरण हा आचार निरूपिला. वृक्षातळी बसावे, परंतु त्या वृक्षाचाही संबंध जडू देऊ नये. पळस सुंदर खरा, पण तोही प्रपंचातलाच. थोड्याच दिवसांत फुलेही गळतात. म्हणून त्या शोभेपाशी थांबावयाचे नाही. पानांआड जे झाकले होते, ते आपल्या ठायी शोधावयाचे.

भरल्या वर्षात जादा पाळीच्या कामापायी स्मरण सुटले, तर ती तूट कोणी मांडीत नाही. कोरड्या वर्षात घटकाभर स्मरण घडले, तर ती जमाही कोणी मांडीत नाही. वर्षअखेरीस साधकाने या दोन बाबी प्रथम लिहाव्यात. वेतन गेल्याचे दुःख खरेच आहे. परंतु परमेश्वराचे स्मरण कोणत्याही पाळीवर अवलंबून नाही. ते कोणी हिरावून घेत नाही; सुटले तर आपल्याच हातून सुटते.

दंडवत प्रणाम.