अकरावं वचन पाठ, दहावं कोण वाचणार?

यिर्मयाचा २९वा अध्याय पहिल्या वचनापासून शेवटपर्यंत तुमच्यापैकी कुणी वाचलाय? हात वर करा.

नाही ना? पण त्याच अध्यायातलं ११वं वचन प्रत्येकाला पाठ आहे. कुणाच्या मोबाइलवर आहे, कुणाच्या घरी दारावर चौकटीत लावलंय. ३१ डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेत वचनांची कार्डं वाटली, तेव्हा ज्यांच्या वाट्याला ते आलं नाही त्यांनी शेजाऱ्याशी अदलाबदल करून घेतली. मी पाहत होते. देवाच्या मनात आपल्या हिताचे बेत आहेत, एवढं तुम्ही उचललंत. त्याच्या लगेच वरच्या, १०व्या वचनात काय आहे? बाबेलची ७० वर्षं भरल्यावर मी तुमची भेट घेईन, असं आहे. सत्तर वर्षं! हा अध्याय म्हणजे मुख्यतः यिर्मयाने बाबेलच्या बंदिवानांना लिहिलेलं पत्र. ते ज्यांना गेलं, त्यांच्यातल्या कर्त्या माणसांना परतीची वाट दिसणारच नव्हती. ती माणसं तिथेच म्हातारी होणार होती, तिथेच मातीआड जाणार होती. त्यांना दिलेलं वचन तुम्ही भरतीच्या निकालाच्या आदल्या रात्री एकमेकांना पाठवता, आणि निकाल मनासारखा लागला नाही की मला येऊन सांगता, "बाई, आता प्रार्थनेत मन लागत नाही."

काळ वाईट आहे, हे मी नाकारत नाही. पेपर फुटतात, भरती रद्द होते. कांदा काढायची मजुरीही निघत नाही. घरात एकजण अंथरुणाला खिळला की दोन वर्षांची कमाई जाते. २०२३ च्या नाताळात खुद्द बेथलेहेमात रोषणाई झाली नाही, शेजारच्या युद्धात इतकं मरण चाललं होतं. तुम्हाला भीती वाटते याबद्दल मी एक शब्द बोलणार नाही. भीती वाटल्यावर तुम्ही काय मागता आणि काय करायचं सोडून देता, त्याबद्दल बोलणार आहे, आणि सौम्यपणे बोलणार नाही.

तुम्ही हनन्या मागता. कोण हनन्या? एक अध्याय मागे जा. इ.स.पूर्व ५९७ मध्ये नबुखद्नेस्सराने यरुशलेमेतून राजा, सरदार, कारागीर, लोहार असे सगळे उचलून बाबेलला नेले. मागे राहिलेल्यांच्या तोंडी एकच प्रश्न होता, हे संपणार कधी? हनन्या मंदिरात याजकांसमोर उभा राहिला आणि म्हणाला, दोन वर्षांत. राजा परत येईल, मंदिराची भांडी परत येतील. यिर्मयाने मानेवर लाकडी जू घेतलं होतं, ते हनन्याने ओढून काढलं आणि सगळ्यांदेखत मोडलं. लोकांना किती बरं वाटलं असेल! यिर्मयाने त्याला आधी आमेन म्हटलं, तसंच घडावं अशी इच्छा बोलून दाखवली. त्यालाही तेच हवं होतं. पण आपल्याला हवं ते आणि देव बोलला ते, यांची त्याने गल्लत केली नाही. तो निघून गेला आणि पुन्हा आला तो लोखंडी जुवाचा निरोप घेऊन. हनन्या त्याच वर्षी मेला. पुढच्या दहा वर्षांच्या आतच यरुशलेम जळालं.

तुम्हाला हनन्या हवा आहे म्हणून तुम्हाला हनन्या मिळतात. यूट्यूबवर रोज एक नवा भेटतो. या महिन्यात बंद दार उघडेल, चाळीस दिवसांत कर्ज फिटेल, असं तो सांगतो. तुम्ही त्याच्याखाली आमेन लिहिता आणि तारीख उलटली की दुसऱ्याकडे जाता. मग रविवारी आपल्या पाळकांचा उपदेश तुम्हाला कोरडा वाटतो, कारण ते तारीख देत नाहीत. ते देत नाहीत हा त्यांचा प्रामाणिकपणा आहे. देवाच्या तोंडी त्याने न काढलेला शब्द घालणं हे पाप आहे, आणि ऐकणाऱ्याला गोड लागलं म्हणून ते कमी होत नाही.

बंदिवानांना त्या पत्रात काय करायला सांगितलं? घरं बांधा. मळे लावा, त्यांचं फळ खा. मुलांची लग्नं करा. ज्या शहरात तुम्हाला बेड्या घालून नेलं त्या शहराचं भलं पाहा, त्याच्यासाठी प्रार्थना करा, कारण त्याच्या भल्यात तुमचं भलं आहे. ते शहर शत्रूचं होतं. तुम्हाला तर आपल्याच गल्लीतल्या पाणीटंचाईच्या बैठकीला जायला वेळ नसतो. तिथे आपलं कोण आहे, असं तुमच्यातल्याच एकाने विचारलं. यिर्मयाचं पत्र वाचलं असतं तर हा प्रश्न तोंडातून निघाला नसता.

आणखी तीन अध्याय पुढे चला, ३२व्यात. यरुशलेमेला वेढा पडलेला. यिर्मया पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत, राजा सिद्कीयाने टाकलेला. अशा वेळी चुलतभाऊ हनामेल येतो आणि म्हणतो, अनाथोथचं माझं शेत विकत घे. शत्रू दाराशी असताना त्या जमिनीची किंमत काय राहिली असणार? तरी यिर्मयाने १७ शेकेल रुपं तोलून दिलं, साक्षीदार बसवले, खरेदीखत केलं आणि आपला लेखनिक बारूख याला सांगितलं, हे कागद मडक्यात ठेव, पुष्कळ दिवस टिकले पाहिजेत. या देशात पुन्हा घरं, शेतं, द्राक्षमळे विकत घेतले जातील, असा देवाचा शब्द होता, आणि त्या शब्दावर त्याने पदरचा पैसा ठेवला. आशा म्हणतात ती ही. तुमचं नाव, तुमचा पैसा, तुमचा दिवस त्यात गेला पाहिजे.

आणि व्यवहार झाल्यावर तो शांत झाला का? नाही! तो प्रार्थनेला बसला आणि देवालाच विचारू लागला: शहर बाबेलच्या खास्द्यांच्या हातात चाललंय आणि तू मला शेत घ्यायला सांगतोस? आधी सही केली, मग प्रश्न विचारला. तुम्ही उलट करता. मनाला पूर्ण शांती वाटेल तेव्हा सेवा करू, असं म्हणत बसता. दवाखान्यातल्या भेटी तुम्ही अशाच थांबवल्यात. कारण काय दिलंत? "सध्या आम्हीच अस्वस्थ आहोत." प्रभू येशूने शिष्यांना आपली शांती दिली ती कुठल्या रात्री? धरून नेलं त्याच रात्री. तिथून उठून तो गेथशेमानेत गेला आणि व्याकूळ होऊन जमिनीवर पडला. ज्याने शांती दिली त्याचं मन त्या रात्री दुःखाने भरलेलं होतं. मग तुम्हाला कुणी सांगितलं की पोटात गोळा आला म्हणजे शांती हरवली?

आपल्याच मातीतलं उदाहरण हवं असेल तर केडगावला जा. नगरच्या शेजारचं नव्हे, दौंड तालुक्यातलं. तिथल्या मुक्ती मिशनच्या आवारात तुम्ही दरवर्षी सहल नेता, फोटो काढता आणि परत येता. ते उभारणाऱ्या पंडिता रमाबाईंच्या आयुष्याचा हिशेब तुम्ही कधी मांडून पाहिलाय का? १८७० च्या दशकातल्या दुष्काळात वडील, आई आणि थोरली बहीण थोड्या अवधीत गेले. १८८० मध्ये भाऊ गेला. १८८२ मध्ये पती कॉलऱ्याने गेले, तेव्हा लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती आणि मुलगी मनोरमा वर्षाचीही नव्हती. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेजला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर संकटं थांबली असं समजू नका. आपल्या लोकांचा रोष आला, मिशनऱ्यांशी मतभेद झाले, पुण्यात त्यांच्या शारदा सदनावर, विधवांसाठी काढलेल्या शाळेवर, टीकेची झोड उठली.

मग १८९६-९७ चा दुष्काळ आला. मध्य प्रांतात माणसं रस्त्याकडेला मरत होती. रमाबाईंनी ती भूक स्वतः भोगलेली होती, आणि तेच दृश्य पुन्हा डोळ्यांनी बघायला त्या निघाल्या. शेकडो मुली, बालविधवा घेऊन आल्या. इकडे पुण्यात प्लेग; इतक्या मुलींना शहरात ठेवायला परवानगी नाही. तेव्हा केडगावच्या माळावर तंबू ठोकले. विहिरी खणल्या, झाडं लावली. १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून आणखी मुली आणल्या. ज्या मुलींना कुणी दारात उभं करत नव्हतं, त्या तिथे लिहायला, विणायला, घाण्यावर तेल काढायला, छापखान्यात खिळे जुळवायला शिकल्या. अंध बायका बोटांनी वाचायला शिकल्या. यातला एक दिवस तरी निश्चिंत होता असं तुम्हाला वाटतं का?

पुढे त्या मूळ भाषा शिकून बायबलचा साध्या मराठीत अनुवाद करत होत्या, खेड्यातल्या बाईला कळावा म्हणून. पुढचा कारभार जिच्यावर सोपवायचा ती मनोरमा जुलै १९२१ मध्ये गेली. एकुलती एक. रमाबाई त्यानंतर वर्षभरही जगल्या नाहीत. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या. तेवढ्या महिन्यांत त्यांनी अनुवादाचं काम खाली ठेवलं नाही. पुढच्या सहलीला त्यांच्या समाधीपाशी उभे राहाल तेव्हा आपली अस्वस्थता जरा तिथे मांडून बघा.

आता एक गोष्ट, जिच्यामुळे मी गेले कित्येक दिवस तुमच्याशी धड बोललेले नाही. आपल्या मंडळीतल्या एका आईचा तरुण मुलगा गेला. तुम्ही समाचाराला गेलात आणि तुमच्यातल्या कुणीतरी तिला सांगितलं की ख्रिस्ती माणसाने एवढं रडू नये, विश्वास कमी दिसतो. हे कुठल्या शास्त्रात वाचलंत? विलापगीत नावाचं अख्खं पुस्तक पवित्र शास्त्रात आहे, पाच अध्यायांचं. आशेचे शब्द तिसऱ्या अध्यायाच्या मध्यावर येतात, आणि त्यांच्यानंतरही रडणं चालूच राहतं. शेवटसुद्धा तक्रारीवर होतो. लाजराच्या कबरेकडे जाताना येशू रडला, दोन घटकांत त्याला उठवणार होता तरी. पौल तुरुंगातून फिलिप्पैकरांना आनंदाचं पत्र लिहितो आणि त्याच पत्रात कबूल करतो की माझा सोबती एपफ्रदीत मरणाच्या दारातून परतला नसता तर माझ्यावर दुःखावर दुःख कोसळलं असतं. तुमची आशा दुसऱ्याचे अश्रू सहन करू शकत नसेल, तर तुम्ही त्या आईला धीर द्यायला गेलाच नव्हता. तुम्हाला स्वतःची भीती झाकायची होती. तिची जाऊन क्षमा मागा. कारणं सांगू नका, नुसती क्षमा मागा, आणि ती रडली तर शेजारी बसा.

फिलिप्पैकरांचं पत्र निघालंच आहे तर चौथा अध्याय उघडा. बुद्धीच्या पलीकडची शांती तुमच्या अंतःकरणाचं रक्षण करील हे ७वं वचन तुम्ही गाता. २ऱ्या वचनात दोन बायकांची नावं आहेत, युवदीया आणि सुंतुखे. दोघी सुवार्तेसाठी झटलेल्या, आणि दोघींचं जमत नव्हतं. पौलाने आधी त्यांना एकमताने राहायला विनवलं, मग शांतीची गोष्ट काढली. नाताळच्या नाटकावरून तुमच्यात दोन तट पडले ते अजून तसेच आहेत. एका बाकावर बसत नाही तुम्ही, प्रभुभोजनाला पुढे मात्र येता. देवाची शांती मागायला तुमची जीभ उचलते कशी?

पुढच्या रविवारी मी नवा धडा घेणार नाही. यिर्मया २७ ते ३२ सगळे अध्याय वाचून यायचं, मी मधूनच कुणालाही उभं करीन. दवाखान्यातल्या भेटी या बुधवारपासून पुन्हा सुरू होतील. यादी दाराशी लावली आहे, आणि ज्यांचं एकमेकांशी बोलणं नाही त्यांच्याच जोड्या मी मुद्दाम केल्या आहेत. संध्याकाळी साडेपाचला फाटकापाशी उभं राहायचं. कुणाला मनःस्थिती ठीक नसल्याचं सांगायचं असेल तर त्याने ते वाटेत चालता चालता जोडीदाराला सांगावं.