नावाखाली काय लिहायचं?

माझी भाची तालुक्याच्या गावातल्या एका खासगी रुग्णालयाची कॅज्युअल्टी सांभाळते. एमबीबीएस झाल्यावर तिने परदेशी विद्यापीठाच्या सहकार्याने चालणारा इमर्जन्सी मेडिसिनचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम केला. शिक्षण खरं, परीक्षा खरी, रात्रपाळ्या तर फारच खऱ्या. पण राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या मान्य पदव्यांत तो बसत नाही. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या नोंदवहीत तिच्या नावापुढे एमबीबीएस एवढंच आहे. आता रुग्णालयात नव्या पाट्या लागायच्या आहेत आणि व्यवस्थापकाचं म्हणणं, हिच्या नावाखाली ‘आपत्कालीन वैद्यक तज्ज्ञ’ असं टाकू. मी जन्मभर जिल्हा न्यायालयात सरकारी वकिली केली, म्हणून तिने मला विचारलं.

मी : कायद्याचं उत्तर सोपं आहे. 2002 च्या वैद्यकीय आचारसंहितेत म्हटलंय, त्या शाखेची खास पात्रता नसेल तर डॉक्टरने स्वतःला तज्ज्ञ म्हणवून घ्यायचं नाही. तुझी पात्रता कौन्सिल धरत नाही. तेव्हा लिहू नकोस. झालं.

ती : एवढ्यावर झालं असतं तर तुम्हाला कशाला विचारलं असतं? मला सांगा मामा, ती पाटी वाचतं कोण? मोतीबिंदू काढायचा असेल तर माणूस पाट्या वाचतो, शेजारपाजारी विचारतो, दुसऱ्या डॉक्टरकडे जाऊन येतो. माझ्याकडचा माणूस स्ट्रेचरवरून येतो. मी कोण हे त्याला ठाऊक नसतं. पुष्कळदा तो स्वतः कोण, हेही त्याला सांगता येत नाही.

मी : म्हणून तर पदवीची गरज तिथेच जास्त. ज्याला निवड करता येते तो चुकला तरी स्वतःच्या मर्जीने चुकतो. ज्याला शुद्धच नाही, त्याच्या वतीने कुणीतरी आधीच निवड करून ठेवायला हवी. कौन्सिलची नोंदवही म्हणजे माझ्या लेखी बेशुद्ध माणसाने आगाऊ दिलेली संमती. ‘या या लोकांनी मला हात लावलेला चालेल,’ असं आपण सगळ्यांनी शुद्धीत असताना ठरवून ठेवलंय.

ती : संमती कशाची दिलीय ते बघा ना पण. एमबीबीएसच्या जोरावर मी श्वासनलिकेत नळी घालू शकते, छातीला शॉक देऊ शकते, हार्ट अटॅकवर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन सोडू शकते. यातल्या कशालाच आडकाठी नाही. आडकाठी आहे ती हे मला येतं असं सांगायला! म्हणजे बेशुद्ध माणसाची संमती एमबीबीएस झालेल्या कुणालाही मिळते, काल इंटर्नशिप संपवलेल्यालासुद्धा. मग तुमची ती नोंदवही राखण कसली करते?

यावर माझ्याकडे तयार उत्तर नव्हतं. मी वकिली युक्ती केली आणि साक्षीदाराला घटना सांगायला लावली.

मी : तुला जे येतं आणि नुसत्या एमबीबीएसला येत नाही, असं एखादं दाखव.

ती : फवारणीच्या दिवसांत या आमच्याकडे. कीटकनाशक पोटात गेलेला शेतकरी आला की दारातूनच वास येतो. तोंडाला फेस, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, छातीत नुसती घरघर; बाहेरच्या पाण्याने नव्हे, आपल्याच फुप्फुसांतल्या पाण्याने बुडत असतो तो. ॲट्रोपिन द्यायचं, हे तर पुस्तकात सगळेच वाचतात. पण एका ॲम्प्यूलमध्ये असतं 0.6 मिलिग्रॅम. ब्रदर फोडत राहतो, मी देत राहते, पाच मिनिटांनी छाती ऐकते, सुधारणा नसेल तर आधीच्या दुप्पट. ट्रेमध्ये काचांचा ढीग होतो. नवा डॉक्टर ते आकडे बघून घाबरतो आणि हात आखडता घेतो, तिथे माणूस जातो. किंवा बाहुल्या मोठ्या झाल्या की खूश होऊन थांबतो, छाती अजून ओलीच असते. दुसरी तऱ्हा म्हणजे थांबायचंच विसरतो. मग रोगी तापाने फणफणतो, बरळतो, हवेत काहीतरी वेचायला लागतो. कुठवर द्यायचं आणि कुठे थांबायचं, हे मला कळतं. ते मला त्या अमान्य तीन वर्षांनी शिकवलं.

मी : हे मान्य. पण उद्या एखादा भोंदूही म्हणेल, मलाही कळतं. त्याच्या म्हणण्यात आणि तुझ्या म्हणण्यात फरक कसा करायचा? तुझी छाती ऐकण्याची कला मला दिसत नाही, त्याचीही दिसत नाही. दिसतो तो कागद.

ती : कागद कुठे दिसतो? नातेवाईक माझ्याकडे बघतात आणि विचारतात, ‘मोठे डॉक्टर कधी येणार?’ माझ्या शेजारी टक्कल पडलेला फार्मासिस्ट उभा असला तर त्याला ‘सर’ म्हणून सगळी हकिकत सांगतात. लोकांच्या नोंदवहीत पात्रता म्हणजे वय, चष्मा आणि पुरुष असणं. पाटीवर ‘तज्ज्ञ’ असलं की माझी त्या प्रश्नोत्तरात जाणारी दोन मिनिटं वाचतात. मला मिरवायचं नाहीये मामा, मला ती दोन मिनिटं हवी आहेत.

पाटीमागे तिचा अहंकार असेल, असं मी मनाशी धरून बसलो होतो. तिथे निघाला घड्याळाचा हिशेब. पण चांगल्या कारणासाठी केलेला खोटा दावाही खोटाच असतो, आणि न्यायालयात मी अशी चांगली कारणं पुष्कळ ऐकलेली आहेत.

मी : तुला दोन निकाल सांगतो. 1989 चा परमानंद कटारा खटला. स्कूटरवरच्या माणसाला गाडीने उडवलं. कुणा भल्या माणसाने त्याला जवळच्या रुग्णालयात नेलं. तिथे सांगितलं, पोलिसी प्रकरणं घ्यायचा अधिकार आम्हाला नाही, वीस किलोमीटरवरच्या अमुक रुग्णालयाला आहे. तो वाटेतच गेला. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, सरकारी असो की खासगी, प्रत्येक डॉक्टरने आधी जीव वाचवायचा, बाकीचं मागाहून.

ती : म्हणजे माझ्याच बाजूचा निकाल की!

मी : थांब. दुसरा 1996 चा. मुंबईतल्या एका होमिओपॅथने तापाच्या रोग्याला ॲलोपथीची औषधं दिली, रोगी दगावला. न्यायालय म्हणालं, ज्या शास्त्राचं शिक्षण नाही त्यात हात घातला, हाच निष्काळजीपणा; वेगळा पुरावा नको. तीन लाखांची भरपाई द्यावी लागली. आता हे दोन्ही शेजारी ठेव. अधिकार नाही म्हणून मागे सरलीस तर गुन्हेगार, अधिकार नसताना पुढे झालीस तरी गुन्हेगार.

ती : दोन्हींच्या मधोमध आमची 108 रुग्णवाहिका उभी असते. 2014 पासून राज्यात ती धावतेय. आत डॉक्टर असतो, आणि पुष्कळदा तो बीएएमएस, म्हणजे आयुर्वेदाचा पदवीधर असतो. सरकारी आदेशाने त्यांना ॲलोपथीची मर्यादित मुभा आहे, हे मला माहितीये. पण घाटात उलटलेल्या जीपमधून माणूस काढताना मर्यादा कुठे आखायची? माझ्याकडे येणाऱ्यांतले कित्येक त्याच्यामुळे जिवंत पोचतात. आणि 2025 च्या सप्टेंबरात, एक वर्षाचा औषधशास्त्राचा कोर्स केलेल्या होमिओपॅथांची मेडिकल कौन्सिलमध्ये नोंद नको म्हणून ॲलोपथीवाले संपावर गेले, तेव्हा मीही मनाने त्यांच्यातच होते. मग वाटलं, मी कुठल्या तोंडाने बोलतेय? त्यांचाही कागद अपुरा, माझाही.

मी : सारखं नाही ते. तुझा पाया त्याच शास्त्रातला आहे. 1996 चा निकाल तुला लागत नाही. तुझ्यावर उपचाराचा आरोप कुणी करणार नाही, नाव लावण्याचा करेल.

ती : आता माझा निकाल ऐका. भारतात इमर्जन्सी मेडिसिन ही शाखा मान्य झाली 2009 साली. त्याआधी कॅज्युअल्ट्या नव्हत्या? माणसं मरत नव्हती, वाचत नव्हती? आणि एमडीच्या पहिल्या तुकडीला शिकवलं कुणी? मेडिसिनवाले, सर्जन, भूलतज्ज्ञ यांनी. त्या विषयाची एमडी त्यांच्यापैकी कुणाकडे असणार? म्हणजे पहिला कागद देणारे सगळे कागद नसलेलेच. अमेरिकेत 1979 मध्ये मान्यता मिळाली तेव्हा त्यांनी हे ओळखलं. पाच वर्षं काम आणि सात हजार तास इमर्जन्सीत काढलेल्याला परीक्षेला बसू दिलं. 1988 मध्ये ते दार बंद केलं, तोवर तिथे रेसिडेन्सी रुजली होती. आपल्याकडे माझ्यासारखीसाठी असं दार उघडलंच नाही.

मी : दार बंद झाल्यावर तिथेही बाहेर राहिलेले डॉक्टर कोर्टात गेले, हेही लक्षात ठेव. कुठेही रेघ मारली तरी कुणीतरी चांगला माणूस तिच्या पलीकडे राहतोच. म्हणून रेघच नको?

ती : रेघ हवी. परीक्षा घ्या ना माझी! ॲट्रोपिन विचारा, नळी घालायला लावा, माझ्या रोग्यांचे कागद तपासा. पण तुमची रेघ म्हणते, नीट-पीजी दे, मग तीन वर्षं पूर्ण वेळ रेसिडेंट हो. म्हणजे जे काम येतं याचा दाखला हवा, तेच काम तीन वर्षं सोडायचं. गावातली कॅज्युअल्टी बंद ठेवून शहरात जायचं, आणि मी ज्यांना शिकवते त्यांच्या वयाच्या सीनियरच्या हाताखाली सलाईन लावायची.

इथे कायद्याची बाजू लंगडी आहे, असं माझं प्रामाणिक मत झालं. बेशुद्ध माणसाच्या वतीने निवड करण्याचा हक्क राज्याने आपल्याकडे घेतला, तर नीट पारखण्याचं कामही त्याच्यावरच येतं. काम करणाऱ्याला पारखायची सोयच ठेवायची नाही आणि वर त्याने नाव लावायचं नाही, हे अर्धंच कर्तव्य झालं. पण त्या अर्ध्या कर्तव्याची भरपाई तिने पाटीवर परस्पर करून घ्यावी, हेही मला पटेना. सात हजार तासवाल्यांनीसुद्धा आधी परीक्षा दिली, मग नाव लावलं.

मी : पाटीवर एमबीबीएस आणि नोंदणी क्रमांक लिही. खाली ‘कॅज्युअल्टी प्रमुख’. ते पद आहे, पदवी नाही. खोटं काही नाही त्यात, आणि टक्कलवाल्या फार्मासिस्टकडे जाणारी निम्मी माणसं तरी तुझ्याकडे वळतील.

ती : हे चालेल. व्यवस्थापक कुरकुरेल. ‘तज्ज्ञ’ लिहिलं की त्याला बिलात वेगळी रक्कम लावता येते.

मी : ते मघाशीच सांगायचं होतंस. दोन मिनिटांचा हिशेब तुझा, रकमेचा त्याचा. शब्द मात्र एकच. त्याच्यासाठी तर मुळीच लिहू नकोस. आणि नीट-पीजी परीक्षेचं काय?

ती : पुढच्या वर्षी बघू, असं मी दर वर्षी म्हणते.

मी : म्हणजे द्यायची इच्छा आहे.

ती : नाही हो मामा. म्हणजे रात्रपाळीला दुसरं माणूस मिळत नाही.